सुहृद : व्यवहारातील ओळखीचा गीतोक्त आदर्श

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात मनुष्याच्या भोवती वावरणाऱ्या लोकांचे नऊ प्रकार सांगितले आहेत : सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, द्वेष्य, बंधू, साधू आणि पापी. या सर्वांच्या ठिकाणी ज्याची बुद्धी सम राहते तो श्रेष्ठ होय, असा त्या श्लोकाचा आशय आहे. या नऊ जणांत पहिले स्थान सुहृदाला दिलेले आहे. सामान्य बोलण्यात मित्र आणि सुहृद हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्यांचा भेद दाखविला आहे. मित्र म्हणजे स्नेह करणारा आणि सुहृद म्हणजे उलट उपकाराची अपेक्षा न धरता उपकार करणारा.

हा भेद संन्याशासाठी आहे, दुकानदाराला त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. गृहस्थाचा चरितार्थ तर ओळखींवरच चालतो. आजकाल शहरोशहरी व्यापाऱ्यांचे व लघुउद्योजकांचे मेळावे भरतात. तेथे शे-दोनशे माणसे एकत्र येतात, नावाची कार्डे वाटली जातात, फोन क्रमांक घेतले जातात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. महिन्याभराने त्या कार्डांकडे पाहावे, तर त्यांतील एकाचाही चेहरा आठवत नाही. ओळखी वाढल्या, पण अडचणीच्या वेळी ज्याला हाक मारावी असा एकही मनुष्य मिळाला नाही, हा अनुभव पुष्कळांचा आहे. असे का व्हावे, याचाच विचार या पाठात कर्तव्य आहे.

दाराचे नाव

प्रथम झाशी नगराचे एक उदाहरण पाहावे. झाशीचा किल्ला ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव याने 1613 मध्ये बांधला. पुढे 1742 मध्ये नारो शंकर मराठ्यांचे सुभेदार म्हणून तेथे आले. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेमुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी नगर वाढले आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. नगराच्या तटाला दरवाजे होते. त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत : ओरछा दरवाजा, सागर दरवाजा, भांडेर दरवाजा, उन्नाव दरवाजा, दतिया दरवाजा. दतिया हे झाशीच्या उत्तरेस ग्वाल्हेरच्या वाटेवरील गाव. झाशी आज उत्तर प्रदेशात आणि दतिया मध्य प्रदेशात आहे. तरीही दतिया गेट हे नाव झाशीकरांच्या तोंडी टिकून आहे आणि त्या परिसरातील वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते.

दार झाशीचे आणि नाव दतियाचे! ज्याने दार बांधले त्याचे नाव दाराला मिळाले नाही. त्या दारातून ज्याच्याकडे जावयाचे त्याचे मिळाले. ओळखीचे मर्म येथेच आहे. मेळाव्यात गेलेला मनुष्य बहुधा आपलेच नाव, आपलाच माल आणि आपलीच गरज सांगत फिरतो. समोरच्या गृहस्थाचा धंदा काय, त्याचे कोठे अडले आहे, त्याला कशाची चिंता आहे, हे विचारण्यास त्याला सवड नसते. असे दार आतल्या बाजूलाच उघडते; त्यातून वाट कोठेच जात नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दारातून आत येणे म्हणजे नगरात वस्ती करणे नव्हे. पहिली भेट हे केवळ दार आहे. विश्वासाचे घर त्यानंतर पुष्कळ दिवसांनी बांधून होते.

काय लुटले जाते आणि काय उरते

याच नगराशी निगडित असा एक प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक 1857 मध्ये आपल्या चुलत्यांसह उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणा चांगली मिळेल, असे त्यांच्या कानावर आले होते. म्हणजे हाही चरितार्थासाठी एका मोठ्या मेळाव्यास निघालेला गृहस्थच होता. वाटेत बंडाचा वणवा पेटला. फिरत फिरत ते झाशीस पोहोचले. मार्च 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोज याने नगराला वेढा दिला आणि एप्रिलच्या आरंभी नगर पडले. त्यानंतरची कत्तल आणि लूट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिली. जे द्रव्य मिळविण्यासाठी ते घरदार सोडून निघाले होते, ते त्यांच्या हाती राहिले नाही. अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. पुढे त्यांनी लिहिलेली हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 मध्ये प्रसिद्ध झाली.

गृहस्थाने या हकीकतीतून एक हिशेब मांडून पाहावा. मिळविलेले द्रव्य हिरावले गेले. परंतु परमुलखात, जेथे तटाच्या आत आणि बाहेर सारखेच भय होते, तेथे हा मनुष्य जगला तो ठिकठिकाणच्या मंडळींच्या आसऱ्यावर. संकटकाळी थैली उपयोगी पडेलच असे नाही. ज्याच्या ओसरीवर रात्र काढता येईल असा मनुष्य असणे, ही खरी पुंजी होय. आणि ती बाजारात विकत मिळत नाही.

कामातून झालेला परिचय

दुसरे उदाहरण धंद्यातीलच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे आरंभी ते नांगर कोणी घेईना. पुढे बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ त्यांना जागा दिली आणि 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. तो काळ असा होता की, त्या ओसाड माळावर कारखाना चालेल असे सांगणाराही विरळा. मग हा विश्वास आला कोठून? औंध येथील बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा बाळासाहेबांशी आधीच परिचय झाला होता. मनुष्य कसा आहे हे त्याच्या हातच्या कामाने अगोदरच सांगून ठेवले होते. मदतीची वेळ मागाहून आली.

यावरून असे दिसते की, गरज उत्पन्न झाल्यावर जोडलेली ओळख दुबळी असते. गरज नसताना, कामाच्या सचोटीने जी जुळते, तीच भार सोसते.

मेळाव्यातील आचार

आता हे आचरणात कसे आणावे? कल्पना करावी की, दतिया गेटजवळ शाळेचे गणवेश शिवणारा एक गृहस्थ व्यापाऱ्यांच्या मेळाव्यास गेला आहे. तेथे त्याला झाशी जिल्ह्यातीलच राणीपूरचा एक कापड विणणारा भेटतो. पहिली रीत अशी की, शिंप्याने भाव विचारावा, उधारी किती दिवसांची ते विचारावे, कार्ड घ्यावे आणि पुढे सरकावे. दुसरी रीत अशी की, त्याने विचारावे, “आपल्याला सध्या अडचण कशाची येते?” विणकर सांगतो की, एका खेपेचा निळा रंग दुसऱ्या खेपेशी जुळत नाही, म्हणून माल परत येतो. शिंप्याला ठाऊक असते की, एका शाळेचे सगळे गणवेश एकाच खेपेच्या कापडातून बेतले, तर ही तक्रार उरत नाही. तो ते सांगतो आणि प्रत्येक ताग्यावर खेपेची खूण करण्यास सुचवितो. आठवड्याने कापडाचे दोन तुकडे नमुन्यासाठी पाठवितो. त्यासोबत मागणी नसते. पुढे त्या दोघांत व्यवहार होईल किंवा होणारही नाही; परंतु विणकराच्या मनात एक सुहृद निर्माण झाला, एवढे निश्चित.

तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे जे तत्त्व सांगितले आहे ते हेच. देव आणि मनुष्य यांनी परस्परांचे पोषण करावे, आणि जो घेतो पण परत देत नाही तो चोर होय, असे भगवंतांनी तेथे म्हटले आहे. ओळखीलाही हा न्याय लागू पडतो.

बोलण्याविषयीचा नियम सतराव्या अध्यायात आहे. जे कोणाला उद्विग्न करीत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर आहे, ते बोलणे म्हणजे वाणीचे तप. चारही गुण एकत्र असणे अवश्य आहे. आपल्या मालाची खोटी प्रशंसा प्रिय असेल, पण सत्य नाही. दुसऱ्याच्या मालाची निंदा एखादे वेळी सत्य असेल, पण ती हितकर नाही. दिलेला शब्द लहान असला तरी पाळावा. “पत्ता पाठवितो” म्हटले, तर तो त्याच दिवशी पाठवावा. मोठी वचने देणारे पुष्कळ असतात. लहान वचने पाळणारा लक्षात राहतो.

एक शंका

येथे शंका येईल की, अपेक्षा सोडली तर प्रपंच कसा चालावा? उत्तर असे आहे की, गीतेने व्यापाराला कर्मांत स्थान दिले आहे; नफ्याला पाप म्हटलेले नाही. योग्य भाव अवश्य घ्यावा. मात्र भाव मालाचा असतो, स्नेहाचा नसतो. ओळखीतच किंमत लपविली की दोन्ही नासतात.

उलट बाजूने, निरपेक्षता म्हणजे आंधळेपणाही नव्हे. सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काळ आणि पात्र यांचा विचार करण्यास गीतेने सांगितले आहे. ज्याचा व्यवहार ठाऊक नाही त्याला सल्ला द्यावा, वेळ द्यावा, पण उधारी देताना चौकशी करावी. समबुद्धी सर्वांविषयी असावी. हिशेबाची वही मात्र ज्याची त्याची निराळी असावी.

म्हणून मेळाव्याहून परतताना किती कार्डे मिळाली हे मोजू नये. कोणाची अडचण समजली आणि त्यासाठी उद्या सकाळी काय करता येईल, हे पाहावे. एवढे एक काम जरी दुसऱ्या दिवशी झाले, तरी मेळाव्यास जाणे सार्थकी लागले.

मननासाठी प्रश्न

1. मित्र आणि सुहृद यांत भेद कोणता? आपल्या व्यवसायात आपण कोणाचे सुहृद आहोत?

2. गेल्या वर्षभरात ज्यांची ओळख झाली, त्यांपैकी किती जणांची अडचण आपल्याला माहीत आहे?

3. वाणीच्या तपाच्या चार गुणांपैकी व्यवहारात आपल्याकडून कोणता वारंवार सुटतो?

4. दिलेला पण न पाळलेला असा एखादा लहान शब्द आठवतो काय? तो आज पाळता येईल काय?