सर्पगंधा : मुळीतले औषध व त्याचे माप

रक्तदाबाच्या रोजच्या गोळीचा कंटाळा आला, की पुष्कळजण जडीबुटीवाल्याकडून सर्पगंधाची पूड आणतात. "झाडपाल्याने काय अपाय होणार?" असे आपण सहज म्हणून जातो. ही समजूत का घातक आहे, ते पाहू.

मुळीचा शोध

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचे झुडूप. मूळ अतिशय कडू. वेड व निद्रानाश यांवर वैद्य-हकीम ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या देत आले. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातून काही अल्कलॉइडे वेगळी काढली व एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढत्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये 'रिसर्पिन' हे मुख्य द्रव्य हाती आले.

वेगळे कसे काढतात?

अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू द्रव्य. आम्लाशी संयोग झाला की ते पाण्यात विरघळते. अमोनिया घातला की पाणी सोडून क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात जाते. सारी युक्ती या स्वभावावर आहे. साधारण रीत अशी :

१. मुळ्या वाळवून भरड कुटतात व अमोनियाने ओलवतात.
२. द्रावकात भिजवून अर्क काढतात.
३. अर्क सौम्य आम्लाबरोबर घुसळतात. अल्कलॉइडे पाण्यात येतात. मेण व राळ मागे राहते.
४. त्या पाण्यात पुन्हा अमोनिया घातला की साका खाली बसतो.

हा साका अनेक अल्कलॉइडांचे मिश्रण असतो. ती पुढे प्रयोगशाळेत एकेक करून निवडावी लागतात. ही द्रावके विषारी व काही ज्वालाग्राही असतात. घरी हा प्रयोग मुळीच करू नये.

शेतकरी बंधूंसाठी

आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून 'आर. एस.-१' ही सर्पगंधाची जात पुढे आली. रोपे उन्हाळ्यात वाफ्यात करून पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. माळव्याच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते, म्हणून निचरा आधी पाहावा. पीक सुमारे १८ महिन्यांचे. पाने गळल्यावर हिवाळ्यात मुळ्या खणाव्यात. बहुतेक अल्कलॉइडे मुळाच्या सालीतच असतात. म्हणून धुताना साल खरवडू नये. रानातली झाडे उपटू नयेत. अती उपटण्यामुळे ती दुर्मिळ झाली आहेत. खरेदीदार पक्का केल्याशिवाय मोठी लागवड करू नये.

आरोग्यासाठी

आता हिशेब करू. चांगल्या मुळीत रिसर्पिन गटाची द्रव्ये सुमारे ०.१५ टक्के असतात. म्हणजे ३ ग्रॅम पुडीत साडेचार मिलिग्रॅम. रिसर्पिनची एक गोळी पाव मिलिग्रॅमची धरली, तर ही पूड १८ गोळ्यांबरोबर झाली! शिवाय एका मुळीत गुण जास्त, दुसरीत कमी. ते डोळ्यांना दिसत नाही.

रिसर्पिन मज्जातंतूंतील संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिकामा करते. त्याने रक्तदाब उतरतो, पण नाक चोंदणे, सुस्ती, पोटातील व्रण, आणि मन अतिशय खिन्न होणे असे अपायही घडू शकतात. उदासीनतेचा आजार असलेल्यांनी व गरोदर भगिनींनी ही पूड घेऊ नये. सर्पदंशावर तिचा भरवसा न धरता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आपल्या घरी कोणी अशी पूड घेत असेल, तर त्यांना दोष देऊ नये. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे व सर्व सांगावे. चालू गोळी मनाने बंद करू नये. मुळीत गुण आहे, यात शंका नाही. पण मापाशिवाय औषध ते औषध नव्हे.