उपआज्ञेचा शोध : नाव, स्थान आणि क्रम

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा वेधशाळेने नोंदलेल्या प्रचंड माहितीतून लहरीची खूण वेगळी काढण्याचे काम संगणकाच्या आज्ञावली करतात. लायगोच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या आज्ञावलींतील बदलांची नोंद ‘गिट’ या साधनात ठेवली जाते. आपल्या विद्यार्थ्यांना उद्या या कार्यात सहभागी व्हावयाचे असल्यास गिटची ओळख उपयोगी पडेल. प्रस्तुत लेखात गिटच्या आधारे एका मूलभूत प्रश्नाचा विचार करू : संगणकाला दिलेली आज्ञा नेमकी कोणती आज्ञावली पाळते, हे कसे ठरते?

लिनक्स संगणकावर आपण ‘गिट स्टेटस’ असे टंकित करतो. यातील ‘गिट’ ही मुख्य आज्ञा आणि ‘स्टेटस’ ही उपआज्ञा होय. शोध दोन टप्प्यांत होतो.

पहिला टप्पा ‘शेल’चा. आपली आज्ञा स्वीकारणाऱ्या या आज्ञावलीजवळ ‘पाथ’ नावाची फोल्डरांची यादी असते. शेल ती क्रमाने पाहत जाते आणि ‘गिट’ नावाची पहिली चालवण्याजोगी फाइल सापडताच थांबते. वसतिगृहात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असावेत, शोधणाऱ्याने पहिल्या खोलीपासून हाक मारीत जावे आणि प्रथम भेटेल त्यालाच घेऊन जावे, तसा हा प्रकार आहे. पुढच्या खोलीतील विद्यार्थ्याला हाक ऐकूही येत नाही.

दुसरा टप्पा खुद्द गिटचा. ‘स्टेटस’ हे नाव गिट प्रथम स्वतःच्या अंतर्भूत आज्ञांमध्ये शोधते. तेथे नाव नसल्यास ‘गिट’, जोडरेघ आणि उपआज्ञा मिळून होणाऱ्या नावाची फाइल ते आधी स्वतःच्या खास फोल्डरात व नंतर पाथमधील फोल्डरांत पाहते. तीही न मिळाल्यास वापरकर्त्याने ठरवलेली टोपणनावे तपासते. सर्व व्यर्थ गेल्यास अशी आज्ञा नसल्याचे कळवते आणि मिळतेजुळते नाव असल्यास सुचवते. फाइल सापडली, तर उरलेले शब्द तिच्या हवाली केले जातात.

या रचनेमागे इतिहास आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट निर्माण केले, तेव्हा त्याची बहुतेक कामे जोडरेघयुक्त नावांच्या स्वतंत्र आज्ञावली करीत. २००८ मधील १.६.० या आवृत्तीपासून त्या नेहमीच्या पाथऐवजी खास फोल्डरात ठेवल्या जाऊ लागल्या. जोडरेघेचा संकेत मात्र टिकला. पुढे रस्ट भाषेच्या ‘कार्गो’ या साधनानेही तोच स्वीकारला.

या संकेताचा लाभ मोठा आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने ‘गिट-हजेरी’ या नावाची (अर्थात रोमन अक्षरांत) छोटी आज्ञावली लिहिली, तिला चालवण्याची परवानगी दिली आणि पाथमधील फोल्डरात ठेवली. त्या क्षणापासून तिच्या संगणकावर ‘गिट हजेरी’ ही आज्ञा चालू लागेल. त्यासाठी गिटच्या निर्मात्यांची अनुमती लागत नाही, की त्यांच्या आज्ञावलीतील एक अक्षरही बदलावे लागत नाही.

परंतु हेच दार अनोळखी व्यक्तीलाही खुले असते. अंतर्भूत ‘स्टेटस’ची जागा बाहेरची फाइल किंवा टोपणनाव घेऊ शकत नाही, कारण अंतर्भूत आज्ञांचा मान पहिला. मात्र पाथच्या आरंभी एखादे असुरक्षित फोल्डर असेल, तर ‘गिट’ या नावानेच ठेवलेली बनावट फाइल खऱ्या गिटच्या आधी सापडेल आणि आपल्याच अधिकारांनिशी आपल्या फायली वाचू किंवा पुसू शकेल. अनेकांच्या वापरातील प्रयोगशाळेत हा धोका विशेष असतो. म्हणून आपण ज्या फोल्डरात असू तेच पाथमध्ये घालण्याचा मोह टाळावा. तसेच बॅश या शेलमध्ये ‘टाइप -ए गिट’ ही आज्ञा देऊन त्या नावाच्या फायली कोठे आणि कोणत्या क्रमाने आहेत, हे अधूनमधून तपासावे.

सारांश, संगणक नावाची सत्यता पारखत नाही. तो केवळ ठरलेल्या क्रमाने शोधतो. तो क्रम जाणणारा विद्यार्थी साधनात नवी भर घालू शकतो आणि स्वतःचे कामही सुरक्षित राखू शकतो.