काठाची वाट

अकोले,
२ जुलै

चि. सोनूस,


परवा फोनवर तू घाईत होतीस आणि मीही ‘जपून जा’ म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर चैन पडेना. जपून म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगितलंच नाही. म्हणून हे पत्र.

तू पाठवलेल्या व्हिडिओतला धबधबा माझ्या पायाखालचा आहे. रतनवाडीच्या रस्त्यावर ज्याच्यापुढे गाड्यांची रांग लागते तो नव्हे. रस्ता सोडून भंडारदऱ्याच्या काठाकाठानं तास-दीड तास गेलं की कातळावरून थेट तलावात उतरतो, तो. तो पाहायची इच्छा तुला झाली याचा मला आनंदच आहे. पण व्हिडिओ जूनमधला आहे. त्यात काठाला जो मोकळा, मैदानासारखा पट्टा दिसतो आणि ज्यावरून ती मुलं गप्पा मारत चाललीत, तो तलावाचा तळ आहे, सोनू. ११,०३९ दशलक्ष घनफुटांचं हे धरण. उन्हाळाभर पाणी सोडून ते खाली जातं, जुलैत चढू लागतं आणि बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याला काठोकाठ येतं. म्हणजे तुम्ही मैत्रिणी याल तेव्हा ती वाट अर्धी पाण्यात असेल, अर्धी गाळात. वरून सुकल्यासारखा दिसणारा तो गाळ गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेतो. मग वरच्या उतारावरून, करवंदीच्या जाळ्यांतून जावं लागतं. त्या वाटेला दुप्पट वेळ धर.

आता खरी गोष्ट सांगतो. ती तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेली नाही.

मी पंचविशीत असताना आम्ही तिघं असेच जुलैत निघालो. धबधब्याच्या अलीकडे एक ओढा आडवा येतो. पाणी पोटरीएवढं, नितळ, खालचे गोटे दिसत होते. आवणी करणारे एक आजोबा इरल्याखालून म्हणाले, “वर काळं झालंय, आज पल्याड जाऊ नका.” आमच्या डोक्यावर तर ऊन पडलं होतं. आम्ही नमस्कार केला आणि गेलो. धबधब्याखाली तासभर होतो. परत आलो तर त्याच ओढ्याला छातीएवढं तांबडं पाणी, आणि त्यातून आख्ख्या फांद्या वाहत होत्या. आम्ही होतो तिथं थेंबही पडला नव्हता. पाऊस पडला होता वर, रतनगडाच्या अंगाला. उघडा कातळ पाणी मुरवत नाही, सगळं एकदम खाली सोडून देतो. अंधार पडेपर्यंत आम्ही एका दगडाच्या आडोशाला कुडकुडत बसलो. पाणी ओसरल्यावर त्याच आजोबांनी दोन माणसं आणि दोर घेऊन आम्हाला अलीकडे आणलं. एक शब्द रागाचा बोलले नाहीत. घरी नेऊन नागलीची भाकरी खाऊ घातली. त्या घासाची लाज मला आजही वाटते.

म्हणून सांगतो, आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून ओढा ओलांडू नकोस. वरचं आभाळ पाहा. नितळ पाणी गढूळ झालं, पाला आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज घोगरा झाला, की डबे उघडलेले असले तरी उठायचं आणि उंच बाजूला जायचं. त्यानंतर हाती मिनिटंच असतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, आणि ती मध्यभागी उभी असतानाच पाणी चढलं होतं. त्याचा व्हिडिओही तू पाहिलाच असशील. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर तिथूनच मागं फिर. मैत्रिणी काय म्हणतील, दोनशे किलोमीटर उगाच आलो का, असले विचार मनात आणू नकोस. गटात कोणी तरी एकीनं ‘परत’ म्हणायचं असतं. ती तू हो.

धबधब्याच्या कुंडात उतरायचं नाही, यावर मी वाद ऐकणार नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला नीट उचलून धरत नाही, आणि वरून पडणारी धार माणसाला खाली दाबते. त्या धारेबरोबर दगडही येतात. आपला हा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. टणक थराखालचा ठिसूळ थर पाणी कोरत राहतं, मग वरचा टणक कडा आधार सुटून तुकड्यातुकड्यांनी कोसळतो. धबधबे असेच घडतात आणि असेच मागं सरकतात. लांबून, एखाद्या दगडावर बसून पाहा. वारा सुटला की धार वर उडते आणि तलावावर नुसता तुषारांचा पडदा राहतो. ते पाहायला भिजत उभं राहावं लागत नाही.

बूट चांगल्या पकडीचे घाल, हातात काठी घे, शेवाळलेल्या कातळावर पाय टाकण्याआधी काठी टेक. दुपारी एकला पाठ फिरवायची, पोहोचला असाल किंवा नसाल. काठाच्या वाटेवर फोनला रेंज नसते, तेव्हा गावात कुणाला तरी सांगून जा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्यानं धबधबे बंद केले असतील तर बंद म्हणजे बंद.

आणि एक. त्या दिवसांत खाचरांत आवणी चालू असते. बांधावरून एकामागे एक चाला, कडेची माती ढासळू देऊ नका. बांध फुटला की खाचराचं पाणी जातं आणि रोपं वाळतात, त्या माणसाचं वर्षाचं भात जातं. कोणाच्या घरी जेवलात तर सांगतील ते पैसे द्या, घासाघीस करू नका. वेफर्सची पाकिटं पाठीवर परत आणा. या तलावातून निघणारी प्रवराच पुढे अकोल्याला माझ्या दारावरून आणि संगमनेरला तुझ्या आजोळावरून जाते.

भंडारदरा, घाटघर, पांजरे, रतनवाडी इथला चोवीस तासांचा पाऊस रोज सकाळी जाहीर होतो. निघायच्या दिवशी मला फोन केल्याशिवाय पुणं सोडू नकोस. घाटघर किंवा रतनवाडीचा आकडा शंभर मिलिमीटरच्या वर असला तर तिकडे न जाता सगळ्याजणी सरळ माझ्याकडे या. मामीनं तुमच्यासाठी तांदूळ काढून ठेवलाय.

तुझा,
मामा