एमजीबीला मागचा डिफरन्शियल कोणता बसवावा?

प्रश्न : माझ्याकडे 1972 ची एमजीबी जीटी आहे. ओव्हरड्राइव्ह नाही. मोटरवेवर इंजिन फार ओरडतं. व्ही-8 मॉडेलचा डिफरन्शियल बसवू का?

उत्तर : तुमच्या गाडीचा रेशो 3.909 आहे, म्हणजे क्राउनला 43 दात आणि पिनियनला 11. ताशी 100 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3,500 फेरे घेतं, मग ओरडणारच. व्ही-8 चा 3.07 बसवलात तर हेच फेरे 2,750 च्या आसपास येतील. पण त्या गाडीत साडेतीन लिटरचं इंजिन होतं, तुमचं 1,798 सीसीचं. पहिला गिअर इतका लांब होईल की चढावर गाडी उचलताना क्लच जळेल, आणि चौथा गिअर जरा वारा समोरून आला की सोडावा लागेल. शिवाय स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. त्यामुळे डिफरन्शियल बदलला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल आणि दंडाची पावती तुमच्या नावाने येईल.

माझं मत विचाराल तर डिफरन्शियलला हात लावू नका, ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स शोधा. वरच्या गिअरला जवळपास तेवढाच आराम मिळतो, खालचे गिअर जसेच्या तसे राहतात. खर्च होईल, खरं आहे.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा मोह रस्त्यावरच्या गाडीला नकोच. मात्र ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना मागून ‘ठक्’ आवाज येत असेल, तर आतले थ्रस्ट वॉशर झिजलेले असू शकतात. ते काम स्वस्तातलं आहे, आधी तेवढं करून घ्या.