पंख मिटेपर्यंत थांबा

ग्रास ब्लू फुलपाखराचा फक्त वरून काढलेला फोटो कुणी पाठवला, तर मी जात सांगत नाही. पाठवणारा हिरमुसतो. भल्या सकाळी टेकडी चढायची, ओल्या गवतात गुडघे टेकायचे आणि उत्तर काय, तर 'ग्रास ब्लूपैकी एखादं'! तरीही तेच उत्तर खरं असतं.

एकदांडीच्या फुलांभोवती जमिनीलगत उडणारी ही चिमुकली फुलपाखरं महाराष्ट्रात जागोजागी दिसतात. पंख पसरले तरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. पेल, डार्क, लेसर आणि टायनी अशा यांच्या चार जाती आपल्याकडे भेटतात. नरांच्या निळाईत थोडाफार फरक तरी असतो; माद्या वरून पाहिल्या तर बहुधा सगळ्या तपकिरीच.

ओळखीचा पुरावा असतो पंखांच्या खालच्या बाजूला. पुढच्या पंखाच्या मध्यावर शिरांनी वेढलेला एक लांबट कप्पा असतो. त्यात ठिपका आहे का, हे आधी पाहा. पेल आणि डार्कमध्ये तो असतो, लेसरमध्ये नसतो. टायनीच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेशी इवले जादा ठिपके असतात. फोटो जरा हलला की हे सगळं पुसलं जातं. त्यातून कोरड्या दिवसांत पेलच्या खालच्या खुणा फिकट होतात, म्हणून तारीख लिहून ठेवायलाच हवी.

ऊन चढायच्या आत जा. रात्री गवताच्या तुऱ्यांवर विसावलेली फुलपाखरं तेव्हा पंख मिटूनच बसलेली असतात. कॅमेरा मिटलेल्या पंखासमोर सरळ धरा, तिरका नको. नाहीतर अर्धा पंख धूसर येतो. मग ऊन खायला त्यांनी पंख उघडले की वरचा फोटो घ्या. दोन्ही फोटो एकाच फुलपाखराचे असले पाहिजेत.

मोबाईलमधलं अ‍ॅप क्षणात नाव सुचवतं, आणि सुरुवात म्हणून ते चांगलंही आहे. पण अशा नावांवर उभी राहिलेली एका टेकडीची यादी तपासायला मी बसलो होतो. नोंदी पुष्कळ, फोटो बहुतेक वरूनच. त्या खोट्या आहेत असं म्हणता येईना, खऱ्या आहेत असंही म्हणता येईना. शेवटी जातींची नावं खोडून पुढे फक्त 'ग्रास ब्लू' लिहावं लागलं. उद्या त्या टेकडीवरून रस्ता न्यायचं ठरलं, तर लोक हीच यादी घेऊन हरकत नोंदवायला जातील. तिच्यातलं एक नाव डळमळलं की सगळ्या यादीवर बोट ठेवलं जातं. म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे.

फोटोपेक्षाही भरवशाची खूण म्हणजे झाड. मादी आंबुशीच्या पानाखाली अंडी घालत असेल, तर पेलची शक्यता मोठी. काटेमाठावर किंवा सराट्यावर घालत असेल, तर डार्क. शेंगवर्गातल्या रानवनस्पतींवर असेल, तर लेसरचा विचार करा. कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये फुलपाखरांवर लिहिलं, ते अशाच अळ्या पाळून. ती वाट आजही हौशी माणसाला मोकळी आहे. कुंडीतल्या आंबुशीवरच्या अळ्या पाळा, रोज ताजा पाला द्या, अळीभोवती मुंग्या फिरत असतील तर तेही टिपून ठेवा.

कधी अळीतून फुलपाखराऐवजी इवलीशी परजीवी गांधीलमाशी बाहेर येते. खट्टू होऊ नका, ही नोंद फुलपाखराच्या नोंदीपेक्षा दुर्मीळ आहे. पुढच्या पंखातली एक आडवी शीर आहे की नाही, यावरून ती इक्न्यूमॉनिडे कुळातली की ब्रॅकोनिडे कुळातली, हे बहुतेक वेळा सांगता येतं. त्यापुढे सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्या गटात आयुष्य घालवलेला तज्ज्ञ लागतो. तेव्हा नोंद कुळापाशी थांबवा. मेलेली माशी अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि कुपीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घाला: ठिकाण, तारीख, कोणत्या झाडावरच्या कोणत्या अळीतून निघाली. शाईनं लिहू नका, अल्कोहोलमध्ये ती विरघळते.