पहिला पगार किती, हप्ता किती?

बारावीचा निकाल लागला की जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत घराघरांत एक विषय निघतोच. ‘लेकरू मास कम्युनिकेशन म्हणतंय, तेही पुण्याला. ह्याला पुढं काही आहे का?’ दादा, वहिनी, पुढं आहे. बातमी, जाहिरात, जनसंपर्क, व्हिडिओ, सगळीकडं माणसं लागतात. अडचण तिथं नाही. किती कर्ज काढून जायचं, तिथं घर अडकतं.

आकडा मांडून पाहू. खासगी विद्यापीठातला तीन वर्षांचा कोर्स. फी, राहणं, खाणं मिळून वर्षाला तीन लाखांचं कर्ज, म्हणजे एकूण नऊ लाख, व्याज १० टक्के. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, म्हणून आपण निवांत असतो. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. सरळव्याजानंच ते २ लाख ७० हजार होतं. हप्ता सुरू होताना डोक्यावर ११ लाख ७० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १५,४६० रुपये. मुदत पंधरा वर्षांची केली की हप्ता साडेबारा हजारांवर येतो, पण एकूण भरणा साडेअठरा लाखांवरून साडेबावीस लाखांपुढं जातो.

आता हेच आपल्या हिशेबात बघा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो मोंढ्यात मिळतोच असं नाही, पण मिळाला असं धरा. तरी दरमहा जवळजवळ तीन क्विंटल, वर्षाला पस्तीस क्विंटल, नुसत्या हप्त्याला. तेही दहा वर्षं, पाऊस पडो न पडो.

हा हप्ता पोरीचा पगार फेडेल, असं आपण म्हणतो. छोट्या-मध्यम दैनिकात, पोर्टलमध्ये किंवा जाहिरात संस्थेत नवख्या पोरीच्या हातात महिन्याला पंधरा-वीस हजार पडले, तरी त्यात नवल नसतं. पुण्यात कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि बसपास एवढ्यातच त्यातले निम्म्याहून अधिक जातात. पगार तीस हजार धरला तरी अर्धा हप्त्यात गेला. आणि हप्ता थकला तर बँक एकट्या पोरीला विचारत नाही. सहकर्जदार म्हणून सही तुमची असते, सिबिल तुमचंही बिघडतं.

माहितीपत्रकावर ‘सर्वाधिक पॅकेज’ मोठ्या टायपात छापलेलं असतं. ते एका लेकराचं असतं, बाकीच्या वर्गाचं काय झालं ते त्यातून कळत नाही. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, ही माहिती द्यावी लागते. सगळ्या पगारांची ओळ लावली तर मधोमध येणारा आकडा, तो मध्यम पगार. फक्त त्यात तीन वर्षांचे सगळे कोर्स एकत्र धरलेले असतात. म्हणून प्रवेशाच्या टेबलावर सरळ विचारा : याच कोर्सचा, मागच्या वर्षीचा आकडा लेखी द्याल का? टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

माझं मत विचाराल तर पदवीसाठी एवढं कर्ज काढू नये. या धंद्यात मुलाखतीला बसलेला माणूस आधी विचारतो, ‘केलेलं काम दाखवा.’ पदवी परभणीत, सेलूच्या नूतन महाविद्यालयात किंवा नांदेडला घ्या आणि त्या तीन वर्षांत पोरीला लिहू द्या, कॅमेरा हातात घेऊ द्या, इंग्रजी पक्कं करू द्या. मग पदव्युत्तरला बाहेर पाठवा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे, पुणे विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे आणि तिथं मराठी पत्रकारिता शिकवतात. राज्याच्या माहिती खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा एमपीएससीतून भरतात, तिथं पत्रकारितेची पदविका-पदवी कामी येते. जागा थोड्या असतात, हेही पोरीला आधीच सांगून ठेवा.

पदव्युत्तरच्या दोन वर्षांसाठी चार लाख उचलले, तर हप्ता सुरू होताना पाच लाख होतील आणि दहा वर्षांचा हप्ता साडेसहा हजारांच्या घरात येईल. चार लाखांपर्यंत तारण किंवा जामीनदार लागत नाही, म्हणजे सातबाऱ्याला हात लावायची वेळ येत नाही.

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. मुलींची शंभर टक्के फी माफ झाली, हे २०२४ पासून सगळ्यांच्या कानावर आहे. पण ही माफी ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणि आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठं तीत येत नाहीत. दुसरा घोटाळा पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत, पण कॉलेज योजनेच्या यादीत असेल तरच, आणि हप्ता सुरू होण्याआधीच्या काळापुरतीच. यादी पोर्टलवर बघून मगच प्रवेशाचे पैसे भरा.

कर्ज काढलंच तर मंजूर झालेली सगळी रक्कम उचलायलाच पाहिजे असं नाही, लागेल तेवढीच घ्या. शिकत असताना व्याज भरत गेलात तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. दोन लाखांवर हे व्याज महिन्याला सोळा-सतराशे होतं. मॅनेजर आपणहून सांगेलच असं नाही. सही करायच्या आधी तुम्हीच विचारा आणि ती सूट मंजुरीच्या पत्रात लिहून घ्या.