पंखा शेवटी, आधी चाक फिरव

गुलमंडीत दुकानावर बसायला लागलास ना बाळा, मग मे महिन्यात हे गिऱ्हाईक नक्की येणार. हातात रिमोटची गाडी आणि तक्रार ठरलेली: "पाच मिनिटं पळते, मग बंद पडते, मोटारीला हात लावू देत नाही." मागणीही ठरलेली, एक छोटा पंखा बसवून द्या. पंखा लगेच विकू नकोस. भरल्या हातगाडीचं चाक जाम असेल तर हमालाला वारा घालून काय होणार? मोटार कुठेतरी जादा ओढतेय, ती जागा शोध. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, एवढं गणित डोक्यात पक्कं ठेव.

बॅटरी काढ आणि एकेक चाक हाताने फिरव. एक्सलला केस, सुतळी गुंडाळलेली सापडेल. संक्रांतीनंतर तर हमखास मांजा. बेअरिंग किरकिरत असेल तर बदलूनच टाक, तेलाचा थेंब सोडून वेळ मारून नेऊ नकोस. मग पिनियन, म्हणजे मोटारीवरचा छोटा गिअर, आणि मोठा गिअर बघ. दोघांच्या दातांत वहीच्या कागदाची पट्टी धर, मोटार दाबून स्क्रू आवळ, पट्टी फिरवून बाहेर काढ. पट्टीवर नागमोडी घडी पडली पाहिजे. फाटली तर दात फार घट्ट बसलेत. पोरं वेगासाठी मोठा पिनियन घालतात. त्यांना न रागावता दोन दात कमी असलेला बसवून दे आणि गाडी पळवून दाखव. आमखास मैदानाच्या कडक जमिनीवर नीट चालणारी गाडी उंच गवतात तापते, हेही सांग.

आता तापतंय नेमकं काय, ते वेगवेगळं तपास. मोटार, स्पीड कंट्रोलर, बॅटरी, कनेक्टर, सगळ्यांना एकच औषध नाही. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक इथे चालत नाही, जास्त तापमान मोजणारी लागते. मोटार 70 अंशांपर्यंत असेल तर चालेल, 80 च्या पुढे गेली की थांबव. अति उष्णतेने आतल्या चुंबकाची ताकद कमी होते, आणि मग तीच मोटार त्याच कामाला आणखी करंट ओढते. कनेक्टर गरम असेल तर आतली पत्र्याची पकड सैल झालेली असते किंवा सोल्डर कच्चा असतो. मळकट, दाणेदार सोल्डर दिसला की पुन्हा मार.

एक जागा भलेभले कारागीरही विसरतात, ती म्हणजे स्टिअरिंगचा सर्व्हो. चाकं पूर्ण वळवून धर. सर्व्हो सतत घूं करत असेल तर तो अडलेल्या चाकाशी झुंजतोय. त्याला वीज देणारा भाग बहुतेक गाड्यांत स्पीड कंट्रोलरच्याच पोटात असतो. मोटार गार आणि कंट्रोलर भाजतोय, असं दिसलं की पहिला संशय इथेच घे. रिमोटवरून वळणाची मर्यादा थोडी कमी केली की घूं थांबते. एका पैशाचा खर्च नाही. कंट्रोलरवर किती सेलची बॅटरी छापली आहे तेही वाच. दोन सेलवाल्याला तीन सेल जोडलेले अनेकदा दिसतील.

एवढं करूनही ताप राहिला तर खुशाल पंखा लाव. बॉडीला मागून हवा जायला भोक पाड, नाहीतर पंखा तीच गरम हवा आत घुसळत बसतो. 5 व्होल्टचा पंखा सरळ बॅटरीला जोडू नकोस, दोन सेलची लिपो बॅटरी भरल्यावर 8.4 व्होल्ट देते. आणि 42 अंशांच्या दुपारी कुठलाही पंखा हवेपेक्षा गार करू शकत नाही. गाडी संध्याकाळी पळवायला सांग.

बॅटरीच्या बाबतीत मात्र भीड ठेवू नकोस. पैठण गेटला स्कूटर उन्हात लावून डिकीत लिपो ठेवणाऱ्याला तिथल्या तिथे टोक. पळून आलेली गरम बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. 2200 एमएएचच्या बॅटरीला 2.2 अँपिअर पुरे, आणि ती रात्री झोपताना लावून ठेवायची नाही. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, दुकानात ठेवून घ्यायची नाही. कोरड्या वाळूच्या बादलीत ठेव, बादली बाहेर ने, आणि गिऱ्हाईक कितीही हुज्जत घालो, ती चार्ज करून देऊ नकोस.